बर्फगाडीची पाठशाळा

विद्या म्हटली कीं आपल्या घरांतून पोथी डोळ्यांपुढें उभी राहते, आणि पोथीच्या मागोमाग परीक्षा, पदवी व नोकरी हीं ओळीनें येतात. नखांत वंगण शिरलेला मनुष्य विद्वान् म्हणून सहसा कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. तो कारागीर, फार तर हुशार कारागीर. त्याच्याकडे आपण काम सांगावयास जातों, शिकावयास जात नाहीं. ही वांटणी इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं ती कोणीं व कां केली हा प्रश्नच उठत नाहीं. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागांत नोकरीनिमित्त राहत असतां एका यंत्राच्या पायीं हा प्रश्न आमच्यापुढें आला, आणि त्याचें उत्तर ग्रंथसंग्रहालयांत न मिळतां एका शेतकऱ्याच्या कोठारांत मिळालें. ती हकीकत वाचकांस सादर करण्याचें योजिलें आहे.

यंत्राचें नांव स्नोमोबाईल. घरीं आम्ही तिला बर्फगाडी म्हणतों. ज्यांनीं ही गाडी पाहिली नसेल त्यांनीं एखादी स्कूटर मनांत आणावी. तिचीं चाकें काढून टाकावीं. पुढच्या चाकाच्या जागीं दोन रुंद घसरपट्ट्या बसवाव्या, आणि मागच्या चाकाच्या जागीं, रणगाड्याला असतो तसा पण रबराचा, अखंड फिरणारा ट्रॅक बसवावा. एंजिन ट्रॅक फिरवितें, ट्रॅक बर्फ मागें लोटतो व गाडी पुढें जाते. हातांतील दांडा वळविला कीं घसरपट्ट्या वळतात. तत्त्व एवढेंच. येथें नोव्हेंबरच्या अखेरीस तळीं गोठूं लागतात आणि जानेवारींत पारा शून्याखालीं तीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. अशा प्रदेशांत ही गाडी पुष्कळांस मौजेची, पण तळ्यावर मासे धरणाऱ्यास व आडरानांत राहणाऱ्यास गरजेची वस्तु आहे. आम्हीं तळ्याकांठचें घर घेतलें तेव्हां पूर्वीच्या मालकानें एक जुनी गाडी शेडमध्यें तशीच सोडून दिली होती. तिचें दोन सिलिंडरांचें टू-स्ट्रोक एंजिन तीस वर्षांचें जुनें होतें, आणि दुरुस्तीचें सर्वांत जवळचें दुकान चाळीस मैलांवर. तेथें ऐन हिंवाळ्यांत गाडी नेली तर ती परत केव्हां मिळेल हें दुकानदारासहि सांगतां येत नसे.

या यंत्राचा जन्महि कोणत्या विद्यालयांत झालेला नाहीं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यांतील सेनर या खेडेगांवीं कार्ल इलायसन नांवाचा एक दुकानदार राहत असे. पायांतील व्यंगामुळें मित्रांबरोबर बर्फांतून रानांत जाणें त्यास जड जाई. त्यानें १९२४ सालीं दुकानामागच्या शेडमध्यें घसरपट्ट्या, सायकलचे भाग, फोर्ड मोटारीचे कांहीं तुकडे व होडीचें एक लहानसें एंजिन यांची जुळणी करून बर्फावर चालणारी गाडी तयार केली आणि १९२७ मध्यें तिचें पेटंट मिळविलें.

कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत व्हॅलकूर गांवीं जन्मलेल्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए (१९०७–१९६४) यांची कथा तर आमच्या वाचकांनीं मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. मुलानें धर्मगुरु व्हावें अशी वडिलांची इच्छा, आणि त्यासाठीं त्यास धर्मपाठशाळेंत घातलेंहि होतें; परंतु मुलाचें सारें लक्ष यंत्रांत. अखेर वडिलांनीं हट्ट सोडला, आणि एकोणिसाव्या वर्षीं त्यानें गांवांत मोटारदुरुस्तीचें दुकान घातलें. त्या काळीं तिकडचे रस्ते हिंवाळाभर बंद पडत. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटांतील दाहानें आजारी पडला. शहरांत रुग्णालय होतें, पण तेथवर नेणारी वाट बर्फाखालीं होती. आणि त्यांच्याच दुकानांत तयार होत असलेली बर्फावरची मोटार अजून चालण्याजोगी झालेली नव्हती. मूल दगावलें. पुढें दांतेरी चाक व रबरी ट्रॅक यांची जी जोडणी त्यांनीं सिद्ध केली तिचें पेटंट १९३७ मध्यें मिळालें, आणि त्यांच्या मोठ्या बर्फ-मोटारींतून डॉक्टर, टपाल व शाळेचीं मुलें यांची ने-आण होऊं लागली. एका-दोघांनीं बसावयाची हलकी गाडी त्यांनीं १९५९ मध्यें ‘स्की-डू’ या नांवानें बाजारांत आणली. आमच्या मिनेसोटांतहि रोझो गांवीं शेतीचीं अवजारें करणाऱ्या एका छोट्या कारखान्यांत १९५६ च्या सुमारास अशी गाडी झाली. तोच आजचा पोलॅरिस कारखाना. आणि १९६८ च्या एप्रिलमध्यें मिनेसोटाच्याच राल्फ प्लेस्टेड नांवाच्या एका विमा-व्यावसायिकानें आपल्या सोबत्यांसह अशाच गाड्यांवरून उत्तर ध्रुव गांठला. त्या तुकडींत बोंबार्डिए यांचा पुतण्याहि होता. सारांश, दुकानदार, शेतकी अवजारें करणारा, धर्मपाठशाळा सोडलेला मुलगा, अशा माणसांनीं आपापल्या हातांनीं हें यंत्र घडविलें, आणि त्याची विद्याहि त्यांच्याच वारसांकडे राहिली आहे.

ते वारस आम्हांस भेटले ते गांवच्या बर्फगाडी मंडळांत. मिनेसोटांत या गाड्यांसाठीं २० हजार मैलांहून अधिक वाटा आखलेल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची निगा गांवोगांवचीं अशीं मंडळें राखतात. गाड्यांच्या नोंदणीचें शुल्क व पेट्रोलवरील कराचा कांहीं भाग यांतून सरकार अनुदान देतें. श्रम मात्र सभासदांचे. थंडी वाढली कीं बर्फ दाबल्यावर चांगला घट्ट बसतो, म्हणून वाट सारखी करण्याचें काम बहुधा रात्रीं चालतें. दिवसभर नोकरी करून आलेला मनुष्य पहाटेपर्यंत यंत्र घेऊन वाट दाबीत बसतो, आणि सकाळीं तीवरून जाणारास त्याचें नांवहि ठाऊक नसतें. हें प्रथम ऐकलें तेव्हां आम्हांस पाणपोई घालणाऱ्यांची आठवण झाली.

दर मंगळवारीं संध्याकाळीं मंडळाचे पांच-सात सभासद एका वृद्ध शेतकऱ्याच्या कोठारांत जमतात. मध्यें लांकडाची शेगडी, भोंवतीं उघडलेल्या दोन-तीन गाड्या, भिंतीवर ओळीनें टांगलेले पाने. कोणी टपाल वांटणारा, कोणी न्यायालयांतील कारकून, एक निवृत्त शिक्षिका, आणि घराचे धनी ते शेतकरी, वय पंचाहत्तरीच्या पुढें. येथें लहानथोर सर्व एकमेकांस नुसत्या नांवानें हाक मारतात. पण वडिलांच्या वयाच्या माणसास तसें पुकारणें आमच्या सौभाग्यवतींच्या जिभेस जमेना. त्या आपल्या ‘काका’ म्हणूं लागल्या. शब्दाचा अर्थ विचारून घेतल्यावर म्हाताऱ्यास तो इतका आवडला कीं आतां कोठारांतील इतर मंडळीहि, उच्चार सांभाळीत, त्यांस काकाच म्हणतात.

काकांनीं पहिल्या तीन मंगळवारीं आम्हांस पान्यास हात लावूं दिला नाहीं. “आधीं गाडीची पुस्तिका वाचून या, मग गाडी पाहा, मग ऐका,” एवढाच धडा. प्रश्न कसा विचारावा याचाहि त्या ठिकाणीं एक संप्रदाय आहे. नुसतें “गाडी चालत नाहीं” असें म्हणणाऱ्यास कोणी उत्तर देत नाहीं. गाडीचें साल कोणतें, किती मैल चालली, त्या दिवशीं थंडी किती होती, दोष एंजिन गार असतां दिसतो कीं तापल्यावर, त्यापूर्वीं शेवटचा कोणता भाग बदलला, हें सारें क्रमानें सांगावें लागतें. एखाद्या जुन्या वैद्यानें नाडीस हात लावण्यापूर्वीं आहारविहार विचारावा तशी ही तऱ्हा. आणि उपाय घेऊन गेलेल्यानें पुढच्या मंगळवारीं येऊन गुण आला कीं नाहीं हें सांगितलेंच पाहिजे. कारण त्यावरून पुढच्या रोग्याचें निदान सोपें होतें. सल्ल्याचें मोल कोणी घेत नाहीं, पण ही एवढी दक्षिणा कोणास चुकत नाहीं.

आतां धड्यांकडे वळूं. जुन्या स्कूटरी ज्यांच्या घरीं होत्या त्यांस आठवत असेल कीं पेट्रोलपंपावर पेट्रोलांत ठराविक प्रमाणांत तेल मिसळून घ्यावें लागे. टू-स्ट्रोक एंजिनांत वंगणाची निराळी विहीर नसते. पेट्रोलाबरोबर जाणारें तेल हेंच त्याचें वंगण. बर्फगाडींतहि तसेंच. जुन्या गाड्यांत पन्नास भाग पेट्रोलास एक भाग, किंवा चाळीसास एक, असें मिश्रण हातानें करीत. पुढच्या गाड्यांत एक लहानसा पंप तें काम करतो. पंप असला तरी तेलाची टांकी रिकामी ठेवली तर दट्ट्या सिलिंडरांत घट्ट धरून बसतो, आणि एंजिन कामांतून जातें. म्हणून पेट्रोल भरतांना तेल पाहणें हा पहिला नियम. तेल कोणत्या कारखान्याचें असावें याविषयीं मात्र कोठारांत दोन पक्ष आहेत, आणि त्यांचा वाद आमच्याकडील स्मार्त व भागवत एकादशीच्या वादाइतकाच जुना व तितकाच न मिटणारा आहे. दोन्ही पक्षांच्या गाड्या उत्तम चालतात हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

दुसरा धडा हवेचा. गार हवा दाट असते. सिलिंडरांत तितक्याच जागेंत अधिक प्राणवायु शिरतो, आणि त्यास जुळेल इतकें अधिक पेट्रोल मिळालें नाहीं तर एंजिनांतील उष्णता वाढते व दट्ट्याचा माथा वितळून त्यास भोंक पडूं शकतें. बाहेर हाडें गोठविणारी थंडी आणि आंत धातु वितळत आहे, हा विरोध प्रथम मनास पटत नाहीं. म्हणून कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत थंडी व समुद्रसपाटीपासूनची उंची पाहून लहान-मोठ्या छिद्राची जेट बसवितात, आणि त्याचें कोष्टक पुस्तिकेंत दिलेलें असतें. मिश्रण बरोबर आहे कीं नाहीं हें स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाच्या रंगावरून ओळखावयाचें. बदामी रंग असला तर ठीक. पांढराफटक असला तर पेट्रोल कमी पडतें. काळा ओलसर असला तर जास्त होतें. काका चष्मा कपाळावर सरकवून प्लग शेगडीच्या उजेडांत धरीत आणि पत्रिका पाहणाऱ्या जोशीबुवांच्या गंभीरपणानें निकाल देत.

कार्ब्युरेटरचें काम आमच्या सौभाग्यवतींनीं उचललें. मंद गतीसाठीं जी बारीक जेट असते तिचें छिद्र जाड्या केसाएवढें. उन्हाळाभर टांकींत राहिलेल्या पेट्रोलाचा चिकट थर बसून तें बुजतें. शिवाय हल्लीं पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें, आपल्याकडेहि असतें. तें हवेंतील ओल ओढून घेतें, आणि त्यानें हा उपद्रव वाढतो. पुण्यास मातोश्रींशीं दूरध्वनीवर बोलतांना हें छिद्र साफ करण्याचें वर्णन सहज निघालें. त्या तत्काळ म्हणाल्या, “म्हणजे स्टोव्हला पिन करतात तसें! पण फार टोचूं नको म्हणावें. भोंक मोठें झालें कीं ज्योत पिवळी पडते आणि भांडीं काळीं होतात.” काकांनीं त्याच आठवड्यांत हाच इशारा दिला होता. पोलादी तार घालूं नये, छिद्र रुंदावतें व मिश्रण बिघडतें. साफ करणारा द्रव फवारावा, फार तर नायलॉनचा बारीक दोरा घालावा. पुण्याच्या स्वयंपाकघरांतील अनुभव आणि मिनेसोटाच्या कोठारांतील अनुभव एका छिद्राशीं येऊन मिळाले, याची आम्हांस मोठी गंमत वाटली.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे पट्टा. आपल्याकडील गिअर नसलेल्या स्कूटरींत असते तीच योजना येथें आहे. एंजिनाच्या दांड्यावर एक व त्याच्या मागें एक, अशा दोन कप्प्या असतात. प्रत्येक कप्पी दोन उतरत्या तबकड्यांची, आणि दोहींवरून एक रबरी पट्टा फिरतो. वेग वाढला कीं पुढच्या कप्पींतील वजनें बाहेर फेंकलीं जाऊन तबकड्या जवळ येतात व पट्टा कांठाकडे चढतो. त्याच वेळीं मागच्या कप्पीच्या तबकड्या दूर होऊन तेथें तो आंत उतरतो. सायकलीचीं दांतेरी चाकें आपोआप बदलत जावीं तसें हें होतें. सारें बळ या एका पट्ट्यांतून जातें, म्हणून तो झिजतो व कधीं तुटतो. नवा पट्टा साबणाच्या पाण्यानें धुवून कोरडा करावा, पहिले कांहीं मैल सौम्यपणें चालवावा, त्यावरील अक्षरें डाव्या बाजूनें सरळ वाचतां येतील असा बसवावा, आणि एक जादा पट्टा नेहमीं गाडींत ठेवावा. तुटल्यास नवा चढविण्यापूर्वीं जुन्याचे सारे तंतु वेंचून काढावे, विशेषतः पुढच्या कप्पीच्या मागें दांड्याला गुंडाळलेले. ते राहिले तर तेथील सील कापलें जातें आणि एंजिन हवा ओढूं लागतें. हा शेवटचा नियम काकांनीं आमच्याकडून इतक्यांदा वदवून घेतला कीं तो संध्येच्या मंत्रांसारखा पाठ झाला.

इतर धडे थोडक्यांत सांगतों. ट्रॅक ज्या दांड्यांवरून घसरतो त्यांच्या खालीं प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि उडणारा बर्फ हेंच त्यांचें वंगण. उघड्या बर्फशिळेवरून किंवा रस्त्यावरून दूर गेल्यास त्या वितळतात. ट्रॅकचा ताण पाहण्यासाठीं मध्यावर दहा पौंडांचें वजन टांगून तो किती लोंबतो हें मोजावयाचें, आणि तो दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर धांवतो कीं नाहीं हें पाहावयाचें. सांखळीच्या पेटींतील तेल काढतांना बुचाच्या चुंबकास चिकटलेला भुगा बोटांत चोळून पाहावा. पिठासारखा असला तर साहजिक झीज, कण लागले तर दांत तुटूं लागले आहेत. वसंतांत गाडी ठेवून देतांना पेट्रोलांत तें टिकविणारें औषध घालावें, चालू एंजिनांत तेलाचा फवारा मारावा, पट्टा उतरवावा, मागची बाजू उचलून ठेवावी, आणि हवेची व धुराची तोंडें बुजवावीं, नाहीं तर उंदीर आंत संसार थाटतात. बुजविल्याची चिठ्ठी मात्र दांड्यास बांधण्यास विसरूं नये. गाडी टेकूवर चढवून ट्रॅक फिरवितांना मागें कोणी उभें राहूं नये, आणि बंद खोलींत एंजिन क्षणभरहि चालूं ठेवूं नये. त्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो.

वाचक म्हणतील, हें सारें शिकून काय साधलें? एका जानेवारींतील रात्रीची गोष्ट सांगतों. तळ्यापलीकडील स्नेह्यांकडे जेवून आम्ही उभयतां परत निघालों होतों. घर पांच मैल दूर, पारा शून्याखालीं सत्तावीस, वारा मंद पण सुरीसारखा. तळ्याच्या मध्यावर एकदम फटकन् आवाज झाला, एंजिन मोकळेंच ओरडूं लागलें आणि गाडी जागीं थांबली. तेथें मोबाईलला संदेश पोंचत नाहीं. अशा थंडींत उघडी त्वचा अर्ध्या तासांत गोठूं लागते, आणि गुडघाभर बर्फांतून जड बुटांनीं पांच मैल चालणें हें तरण्याताठ्या माणसासहि सोपें नाहीं. आम्हीं एंजिन बंद केलें, क्षणभर उभे राहिलों, आणि झांकण उघडलें. पट्टा तुटून त्याचे तंतु सर्वत्र विखुरले होते. सौ. नीं बत्ती धरली; जाड हातमोज्यांच्या आंत पातळ मोजे घालण्याची शिकवण असल्यामुळें उघडें बोट धातूस लावण्याची वेळ आली नाहीं. घाईनें नवा पट्टा चढविण्याचा मोह फार होता. पण त्यांनींच म्हटलें, “अहो, काकांचें वाक्य!” मग बत्तीच्या उजेडांत पुढच्या कप्पीमागून एकेक तंतु चिमट्यानें ओढून काढला, तेथें वीतभर दोरा वेढे घेऊन बसला होता. नंतर मागची कप्पी फांकवून, पट्टा आधीं पुढच्या कप्पींत व मग मागच्या कप्पीवर, अक्षरें डावीकडे, असा चढविला. पहिल्या ओढींत एंजिन चालूं झालें. सारें मिळून अर्धा तास लागला असेल. घरीं पोंचल्यावर चहाचा पेला हातांत धरवत नव्हता, इतकी बोटें बधिर होतीं. पण दहाहि बोटें शाबूत होतीं.

पुढच्या मंगळवारीं आम्हीं ही हकीकत संप्रदायाप्रमाणें कोठारांत निवेदन केली. कोणी शाबासकी दिली नाहीं. काकांनीं पट्टा कसा तुटला होता, आडवा कीं कडेनें, एवढें विचारलें, आणि कप्प्यांची रेषा तपासावयास सांगितलें. मग शेगडीपाशीं बसलेल्या शिक्षिकाबाई हलकेच म्हणाल्या, “तंतूंचा नियम या कोठारांत कसा आला, तुम्हांस ठाऊक आहे का?” पुष्कळ वर्षांपूर्वीं मंडळाचा एक तरुण सभासद असाच तळ्यावर अडकला होता. त्यानें पट्टा बदलला पण तंतु काढले नाहींत. मैलभर गेल्यावर एंजिन बंद पडलें तें कायमचें. तो रात्रभर चालला. वांचला, पण पायांचीं बोटें गेलीं. तो तरुण म्हणजे काका. त्यांनीं मान वर केली नाहीं. ते प्लगचें टोक घांसत राहिले.

त्या दिवशीं आम्हांस उमगलें कीं या कोठारांतील प्रत्येक नियमामागें कोणाची तरी अशी एक रात्र आहे. पुस्तिकेंत नियम असतात, त्यांच्या मागील रात्री नसतात. त्या माणसांपाशीं राहतात, आणि समोरासमोर बसल्यावांचून हातीं येत नाहींत. आपल्याकडे वेद मुखानें शिकवीत, पुस्तकावरून शिकलेल्यास तितका मान देत नसत, यामागें हेंहि एक कारण असावें. शिकणारा काय ऐकतो यापेक्षां तो कोणापासून ऐकतो यानें विद्येस वजन येतें.

मातोश्रींनीं एकदां स्पष्ट विचारलें होतें, “अरे, एवढें शिकलास तें असे हात काळे करण्यासाठीं का?” आम्हीं त्यांस त्यांच्या शिलाई-यंत्राची आठवण दिली. गेलीं पन्नास वर्षें त्या स्वतः तें उघडतात, तेल घालतात, दोऱ्याचा ताण जुळवितात, आणि खंडेनवमीस त्यास हळदकुंकूं वाहतात. त्यांच्या यंत्रास दुकान पाहावें लागल्याचें आम्हांस आठवत नाहीं. हातांची विद्या आपल्या घरांत नव्हती असें नाहीं. ती स्वयंपाकघरांत, शिलाई-यंत्रापाशीं, स्टोव्हच्या पिनेंत होती. ती बायकांच्या हातीं असल्यानें तिला विद्या म्हणण्याचें कोणास सुचलें नाहीं एवढेंच. घराबाहेर ती हातीं धरणारेहि आपल्यांत झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनीं मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून बेळगांवीं सायकलींचें दुकान चालविलें आणि तेथून लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली. पण अशांची आपण चरित्रें वाचतों, त्यांचा पाना उचलीत नाहीं. मातोश्री कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “यंदा खंडेनवमीला त्या गाडीलाहि फूल वाहा.” आम्हीं वाहिलें.

आतां एक चिंता सांगितली पाहिजे. कोठारांत जमणाऱ्यांपैकीं साठीच्या आंतील माणसें थोडीं आहेत. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नसतो. दोष संगणकावर दिसतो, आणि तो वाचावयास बहुधा दुकानाचेंच यंत्र लागतें. हिंवाळेहि पूर्वींसारखे भरंवशाचे राहिले नाहींत. २०२३-२४ चा हिंवाळा मिनेसोटाच्या नोंदींत सर्वांत उबदार ठरला. त्या वर्षीं आमच्या बाजूस वाटा जवळजवळ उघडल्याच नाहींत, तळ्यावरील बर्फाचा भरंवसा धरवेना, आणि कोठारांतील मंगळवार नुसत्या गप्पांत गेले. ज्या विद्येस ऋतूच पाठ फिरवितो ती कां राखावी, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं जुनी यंत्रें जोंवर कोणाच्या तरी शेडमध्यें आहेत, आणि जोंवर एकहि हिंवाळा पूर्वींसारखा कडक येण्याचा संभव आहे, तोंवर तळ्याच्या मध्यावर अडकलेल्या एखाद्या जोडप्यास त्या विद्येची गरज पडणार आहे.

अध्ययन आणि अध्यापन हीं दोन कर्में आपल्या शास्त्रकारांनीं जोडीनें सांगितलीं आहेत, आणि ऋषींचें ऋण फेडण्याचा मार्गहि तोच. पैशानें तें फिटत नाहीं, कारण देणारानें पैसे घेतलेलेच नसतात. काकांचे हात आतां कांपतात. बारीक स्क्रू ते आमच्या सौभाग्यवतींकडून बसवून घेतात. गेल्या हिंवाळ्यांत गांवांत नव्यानें आलेलें एक तरुण जोडपें अशीच जुनी गाडी घेऊन कोठाराशीं आलें, आणि “चालत नाहीं” एवढेंच सांगून उभें राहिलें. काकांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं त्यांस शेगडीजवळ बसविलें आणि गाडीचें साल विचारलें.